तात्यांच्या होडीला बॅटरीवरची मोटर: कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

तात्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी बांबूनं होडी रेटायचं काम बंद करा म्हणून सांगितलंय. पण नोव्हेंबर लागला की उजनी धरणाच्या पाण्यालगत कुंभारगावच्या काठावर पुण्या-मुंबईचे लोक पक्षी बघायला पहाटे पाचपासून येऊन थांबतात, आणि घरातला हंगामाचा पैसा त्यावरच आहे. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, सुट्टी रविवारची. त्यामुळे होडी चालवणार तात्याच, फक्त खांद्याचा भार दुसऱ्या कशावर तरी टाकायचा.

काठावरच्या दोघांनी पेट्रोलचं इंजिन बसवलंय. तात्यांना ते नको. "इंजिनाच्या आवाजानं पाखरू आधीच उठलं, तर मी माणसाला दावू काय?" हा त्यांचा एकच मुद्दा आणि तो बरोबर आहे. उजनीच्या फुगवट्यावर लोक शांततेसाठी येतात. त्यात इंजिनाचा धूर आणि पाण्यावर पसरणारा ऑइलचा तवंग आम्हा दोघांनाही पटत नाही.

म्हणून बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर. गळ टाकून मासे धरणारे लोक होडी अगदी सावकाश पुढे नेत आमिष पाण्यातून ओढतात, त्याला ट्रोलिंग म्हणतात. त्या कामासाठी ही मोटर निघाली. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी ती केली आणि मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांवरून मिन कोटा हे नाव पडलं. खाली पाण्यात दुधाच्या बरणीएवढ्या डब्यात मोटर, तिच्याच दांड्यावर पंखा, वर लांब नळी आणि हातात धरायला दांडा. गिअर नाही, पट्टा नाही, धूर नाही.

आज वजनाचा हिशेब मांडला. होडी फायबरची, १६ फूट लांब, ४ फूट रुंद, वजन अंदाजे १६० किलो. पाच पाहुणे आणि तात्या धरून ४२० किलो. बॅटरी, जॅकेटं, दोर, पाण्याचे कॅन मिळून ४० किलो. एकूण ६२०. ढोबळ नियम असा की एकूण वजनाच्या दोन टक्के रेटा लागतो, म्हणजे साडेबारा किलो. पण हा नियम निवांत पाण्याचा. इथं अकरानंतर पश्चिमेकडून वारं सुटलं की लाटा उठतात. म्हणून दुप्पट धरला: २५ किलो, म्हणजे ५५ पौंडांची मोटर. या मोटरी पौंडांत मोजून विकतात, हॉर्सपॉवरमध्ये नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

मोटर आली. पुण्यातल्या एका हौशी गळवाल्याकडून वापरलेली घेतली. ५५ पौंडी, १२ व्होल्टची, पाच वेगांची, नळी ३६ इंची. आईनं तिला हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घातला. ट्रॅक्टर, तात्यांचा बांबू आणि ही मोटर अशी तिघांची शेजारी शेजारी पूजा झाली.

नळीची लांबी घेण्याआधी मी होडीवर दोनदा मोजून आलो होतो. होडीच्या मागच्या उभ्या फळीच्या (ट्रान्सम म्हणतात तिला) वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत रिकाम्या होडीत १२ इंच, माणसं बसल्यावर साडेनऊ. दहा इंचांपर्यंत ३० इंची नळी चालते, त्यापुढे सोळापर्यंत ३६ इंची घ्यावी. आम्ही दोन्हीच्या सीमेवर. पण लाटेत मागची बाजू उचलली की आखूड नळीचा पंखा हवेत येऊन नुसता गरगरतो. म्हणून लांब घेतली. लांब नळी वर ओढून घट्ट करता येते, आखूड नळी लांब करता येत नाही.

संध्याकाळी २०० लिटरच्या पिंपात पाणी भरून मोटर आत सोडली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवून पाहिली. ही मोटर कोरडी चालवायची नाही. भोवतीचं पाणीच तिला थंड ठेवतं आणि दांड्याच्या सीललाही ओल लागते. पाचही वेग लागले. पाचव्यावर क्लॅम्प मीटरनं ४६ अँपिअर दाखवले. पिंपातलं पाणी भोवऱ्यासारखं फिरून अंगणभर उडालं.

पंख्याचा नट काढून पाहिला, ते बरं झालं. पंख्यामागे दांड्याला तंगुसाचे (गळाच्या नायलॉन दोऱ्याचे) आठ-दहा वेढे घट्ट बसलेले होते. अजून थोडे दिवस गेले असते तर त्यांनी सील कापलं असतं आणि पाणी मोटरीत शिरलं असतं. चाकूच्या टोकानं एकेक वेढा काढला. सील शाबूत आहे. पंखा धरणारी आडवी पिनही सरळ आहे. वापरलेली मोटर घेताना पंखा काढून मागचं बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मी दिले होते.

२० ऑक्टोबर, रविवार

आज फक्त भोकं पाडायची होती. पण फळीवर हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकत गेलो तर दोन्ही कडांना टणटण आणि मधोमध भद्द आवाज. ५ मिमीचं भोक पाडून पाहिलं. ड्रिलच्या टोकाला भुसा यायला हवा, तिथं काळा ओला चिखल आला. आतलं प्लायवूड कुजलंय. कधीतरी कोणीतरी तिथं कडी बसवायला स्क्रू मारला आणि भोक उघडं ठेवलं. त्या एका भोकातून पाणी वर्षानुवर्षं आत गेलं.

२५ किलोचा रेटा म्हणजे ऐकायला थोडा. पण तो लागतो नळीच्या खालच्या टोकाला, फळीच्या कडेपासून अडीच फूट खाली. तरफेसारखा तो फळी पिळतो. पंखा पाण्यातल्या बाभळीच्या बुंध्यावर आदळला तर त्याहून किती तरी जास्त. कुजक्या फळीवर मोटर लावणं म्हणजे पाहुण्यांच्या जिवाशी खेळ. याच वर्षी २१ मे रोजी कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा माणसं गेली, ते पाणी हेच. त्या संध्याकाळपासून तात्या एकाही माणसाला जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू देत नाहीत.

आतल्या बाजूचं फायबर ग्राइंडरनं चौकोनी कापून काढलं. कुजलेलं लाकूड हातानं ओंजळी ओंजळीनं निघालं. आता आठवडाभर उन्हात वाळू दे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस पूर्ण फळीवर. बाहेरचं फायबर तसंच ठेवून आत नवं लाकूड भरायचं होतं.

प्लायवूड मरीनच घेतलं, शिक्का आयएस ७१० चा. १२ मिमीच्या दोन पाट्या कापल्या. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून पाहिला, मग लाकडाला करवत लावली. पाट्यांच्या कडांना दोन हात रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) पाजलं, कारण पाणी नेहमी कडेनंच शिरतं. मग फायबर आणि पाटी यांच्यामध्ये रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचा थर, पुन्हा मॅट, दुसरी पाटी, आणि बाहेरून लाकडी ठोकळे ठेवून शिकंज्यांनी दाबलं. कडांमधून रेझिन पाझरलं तेव्हा आत पोकळी राहिली नसल्याची खात्री झाली. शेवटी आतून ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन इंच बाहेर.

मला इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं रेझिन) वापरायची होती, ती चिकटते जास्त. पण होडी पॉलिएस्टर रेझिनची आहे. वाळलेल्या इपॉक्सीवर पुढे कोणी पॉलिएस्टरची डागडुजी केली तर ती नीट धरत नाही. शिवाय ही तुकड्या-तुकड्यांची मॅट ज्या गोंदानं बांधलेली असते तो इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठ राहते. इथं काठावर उद्या कोणीही दुरुस्ती करेल ती पॉलिएस्टरनंच. म्हणून तेच.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून शेडच्या भिंतीवर लावली आहे. दुकानदार रेझिनबरोबर दोन बाटल्या देतो, एक जांभळ्या कोबाल्टची आणि एक पारदर्शक हार्डनरची. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. धाकट्या चुलतभावाला शेडमध्ये यायची आवड आहे, म्हणून बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या.

हार्डनर दीड टक्का टाकला. सकाळी गारवा होता, पाऊण तास रेझिन घट्ट व्हायला लागलं नाही. दुपारच्या उन्हात वीस मिनिटांत दगड.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत हात लावला नाही. तेवढ्यात फळी पूर्ण कडक झाली. ठोकल्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच आवाज येतो. जाडी आता ३६ मिमी.

मोटरीचे शिकंजे नुसते फळीवर आवळायचे असतात. पण त्यांचे गोल पाय फायबरमध्ये रुतत जातात आणि हादऱ्यानं सैल होतात. म्हणून भिगवणच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ५ मिमी ॲल्युमिनियमच्या दोन पाट्या कापून घेतल्या, एक आत, एक बाहेर, चार एम १० स्टेनलेस बोल्टांनी आरपार. मोटर या पाट्यांवर बसते.

बोल्टाच्या भोकाचं काम सावकाश केलं. आधी १४ मिमीचं भोक, ते रेझिन आणि फायबरच्या चुऱ्यानं पूर्ण भरून वाळवलं, मग त्याच्या मधोमध १० मिमीचं. अशानं बोल्टाभोवती लाकूड कुठंच उघडं राहत नाही. त्यावर सीलंट. चार भोकांना अर्धा दिवस गेला. मागच्या महिन्यात ओंजळीत आलेला चिखल पाहिल्यावर हा अर्धा दिवस मला जास्त वाटला नाही.

जागा मधोमध नाही, चार इंच डावीकडे. तात्यांचा डावा खांदा चांगला आहे, दांडा त्यांना डाव्या हातात हवा. आणि मोटरीच्या मुठीतून एक जाड नायलॉनची दोरी होडीच्या कडीला बांधली. शिकंजा सुटला तरी मोटर तळाला जाणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

बॅटरी. ट्रॅक्टरची किंवा गाडीची चालणार नाही. ती एक झटका देऊन इंजिन फिरवण्यासाठी असते, तासन्‌तास करंट देत राहिली तर थोड्या महिन्यांत मरते. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर स्वस्त पडते, पण वजन ५५ किलोच्या वर, आणि रोज तात्यांनी ती काठावरून उचलायची म्हणजे खांदा वाचवायचा तो राहिलाच बाजूला. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, ११ किलो. सगळ्या खर्चात हीच सर्वांत महाग वस्तू. दोन महिने ओव्हरटाइम केला तो हिच्यासाठी.

ब्रेकर ६० अँपिअरचा, डीसीचा (बॅटरीच्या एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचा), बॅटरीपासून एक वीतभर अंतरावर. दुकानदार घरातला साधा एमसीबी देत होता. तो नको. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे संपर्क उघडताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी ताणली जाते आणि संपर्क जळून चिकटू शकतात. पाण्याच्या मध्यभागी ब्रेकर पडायलाच हवा तेव्हा तो चिकटलेला नको.

लिथियमचं व्होल्टेज बघून किती चार्ज उरलाय ते कळत नाही. सत्तर टक्क्यांना आणि तीस टक्क्यांना आकडा जवळपास तोच, आणि मग शेवटी एकदम कोसळतो. म्हणून शंट लावलेला मीटर बसवला, किती अँपिअर-तास बाहेर गेले ते मोजणारा. तात्यांना एकच आकडा सांगितला: ४० उरले की परत फिरायचं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दहा वाजता होडी पाण्यात. बॅटरी मागेच, तात्यांच्या पायाशी.

मोटर चालली. आवाज इतका कमी की काठावरच्या मुलांनी विचारलं, चालू कधी करणार. पण होडी चालली वेडीवाकडी. मागं तात्या, बॅटरी आणि मोटर. पुढं मी एकटा. नाक वर उचललेलं आणि त्यावर वारा बसतो, वावटळीत पत्रा फिरावा तशी होडी फिरते. तात्या दांडा इकडून तिकडे ढकलत राहिले. दांडा उजवीकडे ढकलला की नाक डावीकडे जातं, हे त्यांच्या हाताला अजून उलटं वाटतं.

मोटर पुढे नाकावर लावली असती तर ती होडीला ओढत नेते आणि वाऱ्यात सरळ राहते, हे खरं. पण नाकाची जागा कॅमेऱ्यांची आहे. त्यामुळे मोटर मागेच आणि बॅटरी मधल्या बाकाखाली हलवायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

ही नोंद माझ्या चुकीची आहे, म्हणून सविस्तर.

बॅटरी मधे सरकवली तशी वायर लांबवावी लागली. शेडमध्ये ६ चौरस मिमीची घरगुती वायर पडलेली होती. घरात ती या करंटच्या आसपास चालते, म्हणून मी तीच लावली. वायरच्या टोकांना लग (जोडणीसाठीच्या धातूच्या टोप्या) पकडीनं दाबून बसवले. पाचव्या वेगावर सात-आठ मिनिटं झाली आणि प्लॅस्टिक तापल्याचा वास आला. ब्रेकरजवळचा लग बोट टेकवता येणार नाही इतका गरम, वरची नळी मऊ झालेली. लगेच बंद केलं आणि बांबूनं परत आलो. बांबू तात्यांनी रेटला, माझ्या हातून होडी सरळ जात नव्हती. त्यांचा खांदा रात्रभर दुखला.

घरी येऊन मोजलं. बॅटरीच्या टोकाला १२.९ व्होल्ट, मोटरीच्या टोकाला ११.८. एक पूर्णांक एक व्होल्ट वाटेतच गेला. जाऊन-येऊन वायर ४.८ मीटर. तांब्याचा रोध धरून हिशेब केला तर ६ चौरस मिमीमध्ये ५० अँपिअरला ०.७ व्होल्ट पडतो. उरलेला ०.४ त्या एका लगमध्ये. ०.४ गुणिले ५०, म्हणजे २० वॅट. छोटं सोल्डरिंग आयर्न जेवढं तापतं तेवढा तो लग तापत होता.

रोज वायरिंग करणाऱ्या माणसाकडून हे व्हायला नको होतं. २३० व्होल्टला पाऊण व्होल्ट पडला तर कोणाला कळतही नाही. १२ व्होल्टला तोच पाऊण व्होल्ट म्हणजे सहा टक्के. व्होल्टेज कमी म्हणून धोका कमी, हे मनात कुठंतरी बसलेलं असतं. झटक्याचा धोका कमी असतो, आगीचा नाही. आगीला अँपिअर लागतात आणि ते इथं भरपूर आहेत.

१ डिसेंबर, रविवार

१६ चौरस मिमीची वेल्डिंग केबल आणली, बारीक तारांची, वळवली तशी वळते. कथील चढवलेले तांब्याचे लग हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबले (कंपनीतल्या सहकाऱ्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). दाबल्यावर एक लग मुद्दाम करवतीनं आडवा कापून पाहिला. आत तारा वेगळ्या दिसत नाहीत, तांब्याची एकच भरीव कांडी झालेली. पक्कड वापरलेला जुना लगही कापला, त्यात तारांमधून उजेड दिसला.

केबल बाकांखालून होडीच्या कडेनं, दर हातभर अंतरावर चिमटा. बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत, पेटी तळापासून दोन इंच उंच लाकडी पट्ट्यांवर, कारण होडीत तळाला थोडं पाणी असतंच. वरून पट्टा.

पुन्हा मोजलं. बॅटरीला १२.९, मोटरीला १२.६. वीस मिनिटं पाचव्यावर चालवून लग हातात धरला, कोमट.

८ डिसेंबर, रविवार

वारं पडलेलं, पाणी आरशासारखं. होडीत चौघं. मोबाइलच्या जीपीएसवर वेग आणि मीटरवर अँपिअर, दोन्ही दिशांना जाऊन सरासरी काढली.

पहिल्या वेगावर ताशी २.२ किमी आणि १२ अँपिअर. दुसऱ्यावर ३ किमी, १७. तिसऱ्यावर ३.८ किमी, २४. चौथ्यावर ४.५ किमी, ३३. पाचव्यावर ५.३ किमी आणि ४९.

तिसऱ्यावरून पाचव्यावर गेलं की वेग दीड किलोमीटरनं वाढतो आणि करंट दुपटीनं. पाणी कापायला लागणारी ताकद वेगापेक्षा फार भराभर वाढते. म्हणून पाचवा वेग फक्त वाऱ्यातून निसटण्यासाठी राखून ठेवायचा. दुसरं असं की खालच्या वेगांवर करंट मला वाटला होता तेवढा कमी होत नाही. या पाच वेगांच्या मोटरीत वेग कमी करण्यासाठी वीज रोधाच्या कॉइलमधून नेतात, त्यात ती थोडी उष्णता होऊन वाया जाते. पल्सवर चालणारा कंट्रोलर लावला तर ते वाचेल. पुढच्या वर्षी.

दोन तासांची फेरी, निम्मा वेळ थांबून पक्षी बघणं, उरलेला दुसऱ्या-तिसऱ्या वेगावर: साधारण २० ते २५ अँपिअर-तास. म्हणजे एका चार्जवर सकाळच्या दोन फेऱ्या होऊनही ४० च्या वरच शिल्लक राहतात. रात्री २० अँपिअरच्या चार्जरवर तीन-चार तासांत बॅटरी भरते.

१५ डिसेंबर, रविवार

पंखा जाळ्यात अडकला. संध्याकाळचं पाणी, तिरपं ऊन, जाळ्याच्या बाटल्या दिसल्याच नाहीत. मोटर गुरगुरली आणि थांबली. तात्यांनी हात लावायच्या आधी मी ब्रेकर पाडला. अडकलेला पंखा हातानं सोडवताना वीज चालू असेल तर बोटं जातील. मोटर वर उचलली, जाळं जमेल तेवढं न कापता सोडवलं, तरी दोन हात कापावं लागलं.

जाळं शेजारच्या आळीतल्या काकांचं. रात्री घरी जाऊन सांगितलं आणि दुरुस्तीचे पैसे दिले. ते घेत नव्हते, तात्यांनी त्यांच्या खिशात घातले. या पाण्यावर आधी जाळी टाकणाऱ्यांचा हक्क आहे, पाहुण्यांच्या होड्या नंतर आल्या. आता रोज पहाटे निघताना कोणाचं जाळं कुठं आहे ते विचारूनच निघायचं.

पाण्याखालचं मात्र विचारायला कोणी नाही, ते तात्यांच्या डोक्यात आहे. धरण झालं आणि १९८० च्या सुमारास पाणी गावात चढलं तेव्हा तात्या शाळेत होते. "हितं पाटलाची हीर हाय," म्हणत ते होडी वळवतात आणि वरून मला नुसतं पाणी दिसतं. यंदा उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांजवळ (म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली) गेलं होतं, तेव्हा पळसदेवचं देऊळ पूर्ण उघडं पडलं आणि इकडे विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे, जुनी पायवाटसुद्धा दिसली. बांबूला त्यातलं काही लागलं तर नुसतं खट्ट होतं. पंख्याला लागलं तर पिन तुटते. तात्यांकडून सगळ्या जागा मोबाइलच्या नकाशावर खुणा करून घेतोय, आतापर्यंत सतरा झाल्या. सुटी पिन, नट आणि पाना बाकाखालच्या डब्यात.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाहुण्यांची पहिली पूर्ण फेरी मोटरीवर. बारामतीचं कुटुंब, दोन लहान मुली. कुरव डोक्यावर घिरट्या घालत होते, पट्टकदंब हंसांचा थवा शेतातून पाण्यावर उतरला. मोटर पहिल्या वेगावर आणून तात्यांनी वीस-पंचवीस हात अलीकडेच बंद केली आणि होडी आपल्या ओघात सरकू दिली. राखी बगळा खुंटावरून हललासुद्धा नाही.

यंदा पाणी काठोकाठ आहे, त्यामुळे चिखलाचे उथळ पट्टे अजून पाण्याखाली आहेत आणि फ्लेमिंगो नाहीत. पाहुणे विचारतात, तात्या खरं सांगतात. पाणी उतरेल तसे येतील.

कागदांचं कामही सुरू केलं. इंजिन पेट्रोलचं असो वा बॅटरीचं, यंत्रानं चालणारी होडी ती यांत्रिकच. देशातल्या आतल्या पाण्यावरच्या जहाजांचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा आला आहे. वल्ह्याच्या होडीला लागत नव्हते ते प्रश्न आता लागतील. फळीच्या कामाचे फोटो तारखेसह ठेवले आहेत, तपासणीला दाखवता येतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

फ्लेमिंगो आले. थवा लहान, पण आले. ते उभे असतात गुडघाभर पाण्यात. आमच्या पंख्याला निदान दीड फूट खोली हवी, नाहीतर तो तळातला गाळ उसळवतो. बांबूवर दीड फुटाची आणि अडीच फुटाची अशा दोन लाल खुणा केल्या आहेत. अडीच आली की पहिला वेग, दीड आली की मोटर वर.

शेवटचे शे-दोनशे हात तात्या बांबूनंच जातात. मी म्हटलं, "तात्या, खांदा." ते म्हणाले, "आरं, एवढ्याला काय होतंय. सगळी वाट रेटून येत हुतो तवा दुखायचा." संध्याकाळी विचारलं तर खरंच दुखत नव्हता. मला वाटलं होतं बांबू शेडमध्ये जाईल. तो होडीतच आहे आणि मोटर असूनही राहील.

एका पाहुण्यानं थवा उडवून दाखवा म्हणून जास्तीचे पैसे पुढे केले. आवाज नसल्यानं आता आम्ही खरोखर खूप जवळ जाऊ शकतो, त्यामुळे हा आग्रह वाढणार. तात्यांनी पैसे परत दिले आणि होडी तिथंच थांबवली. पक्ष्यांनी माना वर केल्या आणि चालत दुसरीकडे सरकू लागले की त्या पुढे जायचं नाही, हे आमचं अंतर. अर्ध्या तासानं थवा चरत चरत आपणहून आमच्याकडे आला.

९ मार्च, रविवार

दोन महिन्यांची तपासणी. बोल्ट चारही घट्ट, आतल्या फळीवर ओल नाही, ठोकल्यावर तोच आवाज. पंख्यामागे तंगुसाचा एक वेढा, काढला. पंख्याच्या एका पात्याचं टोक दगडावर घासून बोथट झालंय, कानशीनं साफ केलं. लग उघडून पाहिले, चकचकीत. शिकंज्याचे स्क्रू दर रविवारी पाव फेरा आवळावे लागतात, त्यांना लॉकनट करायचे आहेत.

पाणी आठवड्याला बोटबोटभर उतरतंय. काल पाटलांच्या विहिरीचा कठडा वरून अंधूक दिसला. नकाशावरची खूण खऱ्या जागेपासून सहा-सात हात सरकलेली निघाली, ती दुरुस्त केली. उरलेल्या सोळा उन्हाळ्यात उघड्या पडतील तेव्हा एकेक करून तपासायच्या.